मालक हजर पाहिजे

ताईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी कोणाच्या हाती किल्ली पडत नसे. पहिला तास नुसत्या बोलण्याचा. शिकाऊ माणूस स्टिअरिंगसमोर आणि ताई त्याच्या शेजारी, पायाखालच्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून. गाडी बंद असली तरी तो पाय तिथून हलायचा नाही. म्हणून तर शिकून गेलेल्यांनी त्यांचं नाव ब्रेकताई पाडलं होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण ताईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या पहिल्या तासात एक गोष्ट त्या हमखास सांगत. "लायसन्स, विमा आणि गाडीची नोंदणी. तिन्हींच्या मुदती तोंडपाठ पाहिजेत. नोंदणी संपली की विमा कंपनी हात वर करते. मग तुमच्या गाडीखाली साधी सायकल आली तरी तुम्ही आणि तुमचं नशीब. 'बघू उद्या' म्हणणाऱ्याला मी शिकवत नाही."

आणि गेले दोन महिने ताई स्वतः मुदत संपलेल्या नोंदणीची गाडी रस्त्यावर फिरवत होत्या.

विसरल्या असत्या तर गोष्ट वेगळी. विसरल्या नव्हत्या. रोज सकाळी गाडी पुसताना त्यांना ते आठवायचं, आणि रोज त्या स्वतःला सांगायच्या, हा आठवडा जाऊ दे, या तिघांच्या परीक्षा होऊ देत. तिघांच्या झाल्या की आणखी दोघे यायचे. खरी अडचण परीक्षांची नव्हतीच. गाडी होती दादाच्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या नावावर. गाडी जुनी झाली की नोंदणी वाढवून घ्यायला मालकानं स्वतः गाडीसकट तपासणीला हजर राहायचं असा नियम होता. आणि दादाशी ताई तीन वर्षं बोलल्या नव्हत्या.

त्या दिवशी स्टिअरिंगवर होता आचारी. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्याचा जन्म गेला होता. शेकडो रोग्यांचं बिनमिठाचं जेवण रोज रांधणारा हा माणूस नोकरी संपत आल्यावर गाडी शिकायला आला होता. जन्मभर गाडी चालवली त्याच्या बायकोनं. हा शेजारी बसून डुलक्या काढायचा. आता तिची नजर कडेकडेनं जाऊ लागली होती आणि डॉक्टरांनी तिला गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. "आता ती शेजारी बसणार आणि मी तिला फिरवणार," असं तो सांगायचा, पण सांगताना त्याला घाम फुटायचा. स्टिअरिंग तो मोठ्या कढईचे कान धरावेत तसं धरायचा, अंग लांब ठेवून. शुक्रवारी त्याची परीक्षा होती.

चौक ओलांडला आणि समोर एका तरुण वाहतूक पोलिसानं हात केला.

"मी काय केलं?" आचारी घाबरला.

"काही नाही. इंडिकेटर द्या, डावीकडे घ्या, हळूच थांबा." ताईंचा आवाज नेहमीसारखाच होता. पोलिसाच्या हातातल्या मशीनकडे पाहताक्षणीच त्या समजल्या.

पोलीस खिडकीशी वाकला. "गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या भावाच्या."

"नोंदणी संपलेली आहे. माहीत आहे तुम्हाला?"

आचाऱ्यानं मान वळवून ताईंकडे पाहिलं. मंदिराच्या घंटेतून भलताच आवाज आल्यावर भक्ताचा व्हावा तसा त्याचा चेहरा झाला होता.

"माहीत आहे," ताई म्हणाल्या.

पोलिसाला बहुधा 'अय्या, हो का?' अशा उत्तराची सवय असावी. तो क्षणभर थांबला आणि मग पाठ केल्यासारखं बोलू लागला. पहिल्या महिन्यात सापडलात तर दंडावर भागतं. महिना उलटून गेला की गाडी जप्त. ती इथून चालवत नेता येणार नाही, उचलून न्यावी लागेल. चालकाला दंड वेगळा आणि मालकाला वेगळा. सोडवायला मालक स्वतः हजर पाहिजे. आणि तपासणीत पास होऊन नवी नोंदणी हातात पडेपर्यंत गाडीचं चाक रस्त्याला लागता कामा नये. पुन्हा सापडलात तर शाळेचा परवानाच जाईल.

"आता चालक कोण ते सांगा. नाव लिहायचंय."

"मी," आचारी म्हणाला. फाशीचा हुकूम ऐकलेल्या माणसाचा सूर होता तो.

"गप्प बसा हो," ताई म्हणाल्या. "शिकाऊ माणूस चालक धरत नाहीत. गाडी माझ्या ताब्यात आहे. माझं नाव लिहा."

"पण स्टिअरिंग तर माझ्या—"

"काका," पोलीस म्हणाला, "दंड मागून घेणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहतोय. बाई म्हणतात ते बरोबर आहे. उतरा खाली."

दोघं फुटपाथवर उभे राहिले. ताई वर्षानुवर्षं ज्या गाडीत बसून जगाला शहाणपण शिकवत होत्या, ती त्यांच्या डोळ्यांदेखत साखळीला अडकून, पुढचे पाय उचललेल्या जनावरासारखी टोइंगच्या गाडीमागं निघून गेली. येणारे-जाणारे पाहत होते. गाडीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नियम पाळा, निर्धास्त चला.' अक्षरं ताईंनीच निवडली होती.

"शुक्रवारी परीक्षा आहे," आचारी म्हणाला. मग जरा वेळानं, "तुम्हाला खरंच माहीत होतं?"

"होतं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसता चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "घरी काही सांगणार नाही मी. मी उशिरा आलो तरी माझी बायको काळजी करत नाही. म्हणते, ताईंबरोबर आहेस ना, मग झालं."

तो बसथांब्याकडे गेला. ताई चालत घरी आल्या. अख्ख्या रस्ताभर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक शोधत होता.

घर त्यांचं नि आईचं. आई आता नव्हती. तिची खोली होती, तिचा खिडकीशी लावलेला पलंग होता. दादाशी बिनसलं ते या घराच्या दारात. आईला अचानक जास्त झालं तेव्हा दादानं त्याच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात सगळी व्यवस्था केली आणि ताईंना फोनवर सांगितलं, तिला गाडीत घाल आणि तशीच निघून ये. ताई निघाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दादा पोचला तेव्हा आई गेलेली होती. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "गाडी मी तुला कशासाठी दिली होती?"

तेवढंच. पण ते वाक्य ताईंच्या मनात खिळ्यासारखं बसलं. किल्ली फिरवली की ते त्यांना ऐकू यायचं. कितीदा वाटलं, ही गाडी नेऊन त्याच्या दारात उभी करावी आणि म्हणावं, घे. पण गाडीवर पोट होतं. त्याचीच गाडी वापरायची आणि त्याच्याशीच बोलायचं नाही, यातली खोच त्यांना कळत नव्हती असं नाही. कळत होती, म्हणून तर राग आणखी वाढत होता.

त्यांनी फोन लावला. वहिनींनी उचलला.

"वहिनी, मी बोलतेय. दादा आहे?"

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. "आहे, आहे. तू फोन ठेवू नकोस हं. अहो! अहो, इकडे या आधी, ते राहू द्या!"

मग दादाचा श्वास ऐकू आला. जिना चढून आल्यासारखा. "बोल."

"गाडी जप्त झाली. मालक लागतो."

"बरं," दादा म्हणाला. "उद्या सकाळच्या बसनं येतो."

तीन वर्षांचा अबोला दीड वाक्यात मोडला होता, आणि मोडल्यासारखं काही वाटतही नव्हतं.

सकाळी बसमधून दादा उतरला तेव्हा ताईंनी त्याला आधी ओळखलंच नाही. केस सगळे पांढरे, चालताना एक गुडघा जपत होता. हातात मात्र तोच पत्र्याचा डबा, हत्यारांचा. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्नकार्याला गेला तरी डबा बरोबर. घरातले चिडवायचे, की नवरी जिन्यात अडकली तर हाच सोडवेल.

"वाळलीस," तो म्हणाला.

"तू पिकलास," ताई म्हणाल्या.

एवढं बोलून दोघं जप्त गाड्यांच्या आवाराकडे चालू लागले. आवारात धुळीनं माखलेल्या गाड्यांच्या रांगा होत्या. खिडकीमागच्या कारकुनानं दादाचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"मालक तुम्ही?"

"हो."

"मग गाडीची नोंदणी संपली हे तुम्हाला माहीत नको? मालक म्हणजे नुसतं नाव द्यायचं काम नाही. कोणाला लागलं असतं तर आधी तुम्हाला धरलं असतं."

"बरोबर आहे," दादा म्हणाला. ताईंना वाटलं होतं, आता तो आपल्याकडे बोट दाखवेल. त्यानं दाखवलं नाही. दोघांनी आपापला दंड भरला, शेजारी-शेजारी उभं राहून, शाळेत एकाच छडीनं मार खाल्लेल्या भावंडांसारखं.

गाडी तपासणी केंद्रापर्यंत न्यायची तीही उचलूनच. टोइंगवाल्याच्या केबिनमध्ये एकच लांब सीट. तो स्टिअरिंगशी, मधे दादा, खिडकीशी ताई. आणि दादाच्या मांडीवर डबा. तिघं असे दाटीवाटीनं बसले की दादाचं कोपर ताईंच्या बरगडीत रुतत होतं. टोइंगवाला बोलका होता.

"नवरा-बायको ना? असं होतंच हो. गाडी एकाच्या नावावर, चालवणार दुसरा, नि मुदतीचं बघायचं कुणी यावरून घरोघर भांडणं. माझ्याकडे रोज एक जोडपं येतं."

"भाऊ-बहीण आहोत," ताई फणकारल्या.

"मग चेहऱ्यावरूनच ओळखायला हवं होतं," टोइंगवाला म्हणाला. "दोघांचाही राग नाकाच्या शेंड्यावर."

दादाला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात दडवलं. ताईंनी खिडकीबाहेर तोंड वळवलं, पण कोपर ढकललं नाही.

तपासणी केंद्र म्हणजे एक भलीमोठी पत्र्याची शेड. आत गाड्या एकीमागून एक रुळांवर चढत, दिवे तपासले जात, धूर मोजला जात असे. मालकांनी बाहेर बाकावर बसायचं. काचेतून ताईंची गाडी दिसत होती, चारी चाकं अधांतरी, पोट उघडं पडलेलं. आपल्या माणसाला इस्पितळात असं पाहावं तसं ताईंना अवघडल्यासारखं झालं.

"मुदत संपायच्या आधी मला मेसेज आले होते," दादा एकाएकी म्हणाला. तो काचेकडेच पाहत होता. "कचेरीकडून. तीन-चार आले."

"मग?"

"मग काही नाही. वाटलं, तू फोन करशील. करावाच लागेल. माझ्याशिवाय तर होणार नाही. रोज वाटायचं, आज करशील."

ताईंना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा डोकं भणाणलं. "म्हणजे तुला माहीत होतं? मी मुदत संपलेल्या गाडीत शिकाऊ लोकांना बसवतेय हे माहीत असून तू वाट बघत बसलास? अरे, ती माणसं, त्यांना धड गिअर टाकता येत नाही. एखाद्या पोराबिराला धक्का लागला असता तर? विमा उभा राहिला नसता, दादा!"

"तुलाही माहीत होतं," दादा म्हणाला.

तो काही टोचून बोलला नव्हता. लिफ्टचा कोणता भाग झिजलाय हे सांगावं, तसं त्यानं सांगितलं. बाकावरच्या दुसऱ्या टोकाच्या बाई आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधायचं नाटक करू लागल्या.

आचाऱ्याच्या बायकोला ताईंनी कधी पाहिलं नव्हतं. तरी आत्ता तीच डोळ्यांपुढे आली. खिडकीशी बसलेली, निर्धास्त. दोन हट्टी माणसं आपापल्या घरात फोनकडे बघत बसली होती, आणि मधे ही असली परकी, विश्वासानं बसलेली माणसं होती. आजवर पहिल्या तासाला ताई नियम सांगायच्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे नेहमी बेफिकीर, उनाड कोणीतरी असायचा. नियम मोडणारा माणूस असा आपल्यासारखा, मानी आणि एरवी काटेकोर असू शकतो, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं.

"मी फोन करणार नव्हतेच," त्या शेवटी म्हणाल्या. "तू दारात जे बोललास त्यानंतर."

"काय बोललो?"

ताईंना वाटलं, तो वेड पांघरतोय. पण त्याचा चेहरा कोरा होता. त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं. तीन वर्षं मनातल्या मनात घोटलेलं वाक्य मोठ्यानं म्हटल्यावर त्यांनाच ते लहान वाटलं.

दादानं मांडीवरचा डबा बाकावर ठेवला. "मी असं म्हणालो?"

"म्हणालास."

"आठवत नाही गं." त्यानं गुडघ्यावरून हात फिरवला. "मला तुझंच आठवतंय. मी दारात आलो आणि तू म्हणालीस, 'आता कशाला आलास?'"

"मी? मी नाही म्हटलं असं."

"म्हणालीस. दाराची कडी हातात होती तुझ्या. मी बसमध्ये सगळ्या वाटेनं देवाला सांगत होतो, तेवढं मी पोचेपर्यंत तिला राहू दे. आणि तू म्हणालीस, आता कशाला आलास."

ताईंनी आठवून पाहिलं. दार आठवलं, कडी आठवली, दादाच्या खांद्यावरची पिशवी आठवली. स्वतःचा आवाज काही आठवेना. म्हटलं असेल का? खोटं बोलायचा दादाचा स्वभाव नव्हता. पण मग तोही तसंच म्हणत असेल, की खोटं बोलायचा हिचा स्वभाव नाही. विचारायचं तरी कोणाला? त्या दारात तिसरं कोणी नव्हतं, आणि आत होती ती सांगायच्या पलीकडे गेली होती. प्रत्येकानं दुसऱ्याचं वाक्य जिवापाड जपलं होतं आणि आपलं तिथंच टाकून दिलं होतं.

"मला गाडी चालवता येत नाही ना," दादा हळूच म्हणाला. "मला वर-खाली कळतं, पुढे-मागे नाही. तू निघाली नाहीस हे कळलं तोवर संध्याकाळची बस गेली होती. गाडी चालवता येत असती तर मीच आलो असतो, मीच नेलं असतं तिला. स्टँडवर सकाळपर्यंत बसून होतो. तुझ्यावर राग नव्हता तो. तुझ्या दारात निघाला असेल, एवढंच."

हे ताईंनी कधी मनातच आणलं नव्हतं. आपण शेकडो लोकांना गाडी शिकवली, आणि ज्यानं गाडी दिली त्यानं कधी शिकवायला सांगितलं नाही, आपणही कधी म्हटलं नाही, ये बस.

तेवढ्यात शेडमधून तपासनीस आला. धुराला ठीक, दिवे ठीक. हँडब्रेक मात्र ढिला होता. चढावर गाडी धरत नव्हती. "हे झाल्याशिवाय पास नाही. गॅरेजमध्ये न्या नि चार दिवसांनी नंबर लावा."

"चार दिवसांनी?" ताईंचा चेहरा उतरला. "परवा माझ्या शिकाऊची परीक्षा आहे. त्याला याच गाडीची सवय आहे. दुसऱ्या गाडीत बसवलं तर तो दार उघडून पळून जाईल."

"इथंच मागच्या जागेत करून घेतलं तर?" दादानं विचारलं. डबा आधीच उघडला होता.

तपासनिसानं खांदे उडवले. शेड बंद व्हायच्या आत आणलीत तर पुन्हा बघतो म्हणाला.

मग पत्र्यामागच्या मोकळ्या जागेत दादा गुडघ्याला शिव्या देत गाडीखाली शिरला. तीन माणसांनी गाडी ढकलत तिथवर आणली होती. ताई आत बसून त्याच्या सांगण्याप्रमाणे हँडब्रेक ओढत होत्या आणि सोडत होत्या.

"ओढ. आणखी. सोड. आता पुन्हा."

"किती टिकटिक ऐकू आली?"

"तू मोज, मी तारेकडे बघतोय. अगं, हळू! ब्रेक आहे, विहिरीचा दोर नव्हे."

"मला नको शिकवूस, जगाला मी शिकवते."

"म्हणूनच जप्त झाली," खालून आवाज आला.

ताई हसल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते थांबेना. दादा गाडीखाली असल्यामुळे त्याला दिसलं नाही. किंवा दिसलं असेल; तो नट घट्ट झाल्यावरही जरा वेळ तिथंच पडून राहिला खरा.

गाडी पास झाली. खिडकीवरच्या बाईंनी नवी नोंदणी करताना विचारलं, "मालक तेच ठेवायचे?"

"नाही," दादा म्हणाला. "बहिणीच्या नावावर करा. तेव्हाच करायला पाहिजे होती."

कधी काळी ताईंना हेच हवं होतं. गाडी आपली झाली की कोणाचा मिंधेपणा नको. पण आता त्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना ते एकदम नकोसं झालं. नाव बदललं की पुढच्या खेपेला दादाला कोणी बोलावणार नव्हतं. कोणताही नियम त्याला या गावाच्या बसमध्ये बसवणार नव्हता. क्षणभर त्यांच्या मनात आलं, म्हणावं, राहू दे तुझंच नाव. पण मग त्यांना तो सकाळचा कारकून आठवला आणि मान खाली घालून 'बरोबर आहे' म्हणणारा दादा आठवला. दुसऱ्यानं केलेल्याची शिक्षा ज्याच्या माथी येते, त्याचं नाव नुसत्या मायेपोटी तिथं ठेवणं बरं नव्हे.

"करा माझ्या नावावर," त्या म्हणाल्या.

केंद्राबाहेर दादा सवयीनं मागचं दार उघडू लागला. ताईंनी पुढचं उघडून दिलं.

"बसस्टँडला सोडतेस ना?"

"शेवटच्या बसला अजून वेळ आहे," ताई म्हणाल्या. "घरी चल आधी."

दादा पुढच्या सीटवर बसला. घराशी उतरल्यावर मात्र तो उंबऱ्याशी घुटमळला. ताईंच्या लक्षात आलं. त्या आधी आत गेल्या आणि दार सताड उघडं ठेवून, वळून म्हणाल्या, "ये ना दादा. बरं झालं आलास."

चहा झाला. दादा कप घेऊन आईच्या खोलीत गेला आणि पलंगाजवळच्या खुर्चीवर बसला. पलंगावर बसायचा त्याला धीर झाला नाही. खिडकीतून समोरचा रस्ता दिसत होता. कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"त्या दिवशी काय झालं ते मला कोणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

"तू विचारलं नाहीस."

"आता विचारतोय."

ताई पलंगाच्या काठावर बसल्या. त्यांना वाटलं होतं हे सांगताना आपण कोसळू. पण सांगायला लागल्या तर ते साधं होतं. "तुझा फोन आल्यावर मी गाडी दाराशी लावली. मागची सीट पाडून गादी घातली. तिला उचलायला आले तर ती म्हणाली, जरा थांब, मला नीट बसव. मी बसवलं. म्हणाली, खिडकी उघड. मी उघडली. मग गाडीकडे बघून विचारलं, 'ही इथं कशाला लावलीस?' मी म्हटलं, दादाकडे जायचंय. तर म्हणाली, 'त्यालाच येऊ दे की. मी कुठं पळून चालले?'"

दादाच्या हातातला कप कलला. त्यानं तो खाली ठेवला.

"मी पुन्हा उचलायला गेले तर माझा हात धरून ठेवला. जोर नव्हता तिच्यात. मला सोडवून घेता आला असता, दादा. मी नाही सोडवला. मला अजून कळत नाही ते बरोबर होतं का. गादी घातलेली गाडी सकाळपर्यंत दाराशी तशीच उभी होती."

दादा उठून ताईंच्या शेजारी पलंगावर बसला. "हात धरला होता म्हणतेस," तो म्हणाला. "मग कसा सोडवणार?"

बस गेली. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही, किंवा आलं असलं तरी कोणी बोललं नाही. वहिनींना फोन करून कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "राहा, राहा, दोन दिवस राहा, मी दार लावून घेते."

शुक्रवारी दादा परीक्षेच्या मैदानावरही आला आणि कडेच्या कठड्यावर बसून राहिला. आचाऱ्यानं चढावर गाडी सुरेख धरली, आणि मागं घेताना खांब पाडला. नापास. पण उतरला तो हसत. बायकोला घेऊन आला होता. ती बाई डोळे किंचित तिरके करून, कडेनं हरवलेलं जग मधे आणायचा प्रयत्न करत होती.

ताई तिच्यापाशी गेल्या. "मला तुम्हाला काही सांगायचंय," त्या म्हणाल्या. "तुमचे मिस्टर सांगणार नाहीत." आणि दोन महिने गाडीची नोंदणी संपलेली होती, हे आपल्याला ठाऊक होतं, हे सगळं त्यांनी उभ्या-उभ्या सांगून टाकलं.

बाईंचा चेहरा कडक झाला. "हे बरोबर नाही केलंत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"नाही केलं."

आचारी दोघींच्या मधे उभा राहून टोपी चुरगाळत होता. "आता झालीय का नोंदणी?" बाईंनी विचारलं.

"झालीय."

"मला दाखवा."

ताईंनी नवी नोंदणी आणून दिली. बाईंनी ती डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली, तारखेवर बोट ठेवून स्वतः वाचली. मग परत दिली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पुढच्या परीक्षेचा नंबर लाव. खांब मागंच असतात, हे आता तरी कळलं ना?"

आचारी तिला घेऊन बसथांब्याकडे गेला. कठड्यावरून दादा उठला, गुडघा सावरत गाडीपाशी आला आणि चालकाच्या बाजूचं दार उघडून आत डोकावला.

"हे खालचं तिसरं काय असतं?" त्यानं विचारलं.

"क्लच," ताई म्हणाल्या. "बस आत. पहिला तास नुसता बोलण्याचा असतो."